तुझी अम्मी गोळ्या घेत नाही

मक्का,
४ मार्च १९९१

प्रिय शबनम,

खूप दुआ. आमच्यातल्या एका दमेकरी गृहस्थांना पहिल्या विमानात जागा मिळाली आहे. त्यांच्या पिशवीत हे पत्र कोंबते आहे, ते मुंबईत पेटीत टाकतील. तुझी अम्मी ठीक नाही, पण हिंडते-फिरते आहे, तेव्हा आधी घाबरून जाऊ नकोस. गोष्ट वेगळीच आहे. कुवेतची लढाई संपली, विमानं सुरू झाली, आमची जाण्याची तारीख आली आणि तुझी अम्मी म्हणते, मी येणार नाही. साखरेच्या आजाराच्या गोळ्या तिने बंद केल्यात. मी हातावर ठेवते, ती हो म्हणून पदराला बांधते आणि नंतर त्या मला उशीखाली सापडतात.

मी फार थकले आहे ग. आम्ही निघालो तेव्हा तीन आठवड्यांची सहल होती. उमरा करायचा, मदिना पाहायचा, उहुदचा डोंगर बघायचा आणि घरी. सगळे साठीच्या पुढचे, कुणाचे गुडघे, कुणाची छाती. आम्हाला घेऊन आलेले नसरुद्दीनभाई जन्मभर जहाजावर स्वयंपाकी, त्यामुळे त्यांनी आम्हालाही खलाशांसारखंच वागवलं. गळ्यात शिट्टी, प्रत्येक बाईच्या मनगटाला हिरवी फीत, बसमध्ये चढताना मोजणी आणि उतरताना मोजणी. तुझी अम्मी पहिले आठ दिवस नुसती हसत होती. मदिन्यात खजुराच्या दुकानात तिने अशी घासाघीस केली की दुकानदाराने खलास, खलास म्हणत हात जोडले. मग रेडिओवर लढाई सुरू झाल्याचं आलं, विमानं बंद झाली आणि आम्ही मक्केतल्या या मिस्फला मोहल्ल्याच्या इमारतीत अडकलो. एका खोलीत सहा बायका, एक न्हाणी, आणि रोज तीच डाळ. उमऱ्याच्या व्हिसावर मक्का, मदिना आणि जिद्दा सोडून कुठे जाता येत नाही, म्हणून दम्मामला माझ्या उमैरकडेही जाता आलं नाही. त्यालाही कफीलच्या, म्हणजे त्याच्या अरब मालकाच्या, चिठ्ठीशिवाय गाव सोडता येत नव्हतं. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, गॅसचा मुखवटा उशाशी घेऊन तो झोपायचा. मी खालच्या मलबारी दुकानात फोनसाठी रांग लावायची, तासाभराने नंबर लागायचा आणि तो म्हणायचा, आई, सगळं ठीक आहे. पोरं आयांशी खोटं बोलतात हे काय मला ठाऊक नाही?

इकडे पोराचा जीव वाचावा म्हणून मी काबाभोवती तवाफाच्या प्रत्येक फेरीत रडत होते, आणि ही बाई मरणाची हौस करत बसली होती. मला तिचा राग आला, शबनम, अजूनही येतो. आमच्या सगळ्या बायकांनी रीतीप्रमाणे कफनाचं कापड घेतलं, झमझमच्या पाण्यात धुतलं आणि गच्चीवर दोरीला वाळत घातलं. गावी नेऊन पेटीत ठेवायचं, वेळ येईल तेव्हा कामाला. वाळल्यावर आपापली घडी घालताना तुझी अम्मी म्हणाली, माझं बांधू नका, मला इथेच लागणार आहे. बायकांना ते एवढं आवडलं म्हणून सांगू. नशीबवान म्हणाल्या, तिचे हात डोळ्यांना लावले. एकीने तर विचारलं, इथल्या जन्नतुल मुअल्ला कबरस्तानात जागा मिळाली तर आमच्यासाठी दुआ करशील ना? मी म्हटलं, तिच्या तळपायाला जखम आहे, ती भरत नाहीये, आधी तिला गोळी घ्यायला सांगा. तर सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी दीन-धर्मच सोडला.

श्रीवर्धनचा एक डॉक्टर इथल्या सरकारी इस्पितळात आहे, त्याला मी आणवलं. त्याने जखम धुतली आणि तिला खूप बोलला. ती मान डोलावत राहिली. नसरुद्दीनभाईंनी मात्र साफ सांगितलं की मी माणसं मोजून आणली आहेत आणि मोजून नेणार, कुणाला मरायचं असेल त्याने दापोलीला उतरून मरावं. ती हसली, पण नंतर भिंतीकडे तोंड करून निजली. गोळी काही घेतली नाही. रमजानच्या आत आम्हाला खोल्या रिकाम्या करायच्या आहेत, घरमालक रोज यल्ला यल्ला, चला निघा, करतो. मी तिला उचलून विमानात घालू शकत नाही. आणि घातली तरी गोळ्या तिच्या घशाखाली कोण घालणार?

काल दुपारी तिचा पाय धुताना मी शेवटी चिडून विचारलं, की बाई, तुझं घरी काय जळलंय? ती म्हणाली, शबनमनेच मला निरोप दिलाय. मला काही कळेना. तिने आठवण करून दिली. दापोलीच्या एस.टी. स्टँडवर हार घालून झाले, कहा-सुना माफ झालं, आणि सगळ्या बायका एकेक करून गळ्यात पडून म्हणत होत्या, अल्ला करो आणि तिथली माती तुमच्या नशिबी येवो. मक्केत दफन होणं भाग्याचं, म्हणून म्हाताऱ्या माणसाला हेच म्हणायचं असतं, मलाही म्हणाल्या, मी आमीन म्हणून बसमध्ये चढले. तूही म्हणालीस. सगळ्यांच्या मागून, पोराला कडेवर सावरत, घाईत म्हणालीस. तिने ते धरून ठेवलंय. लेकीच्या तोंडून आलं ना, म्हणून. तुझे अब्बा गेल्यापासून ती तुझ्याकडे राहते, जावयाच्या घरचं खाते, रात्री खोकला आला तर तोंडात पदर कोंबते. तुला ठाऊक होतं हे? मला नव्हतं. तिला वाटतं, तू सुटका मागितलीस आणि तिने ती द्यावी. रागावून नव्हे, शबनम. लेकीचं एक काम करून टाकावं, तसं ती हे करते आहे.

तू तसं मनात आणलं नव्हतंस, हे मला ठाऊक आहे. पण मी सांगून काय उपयोग, मी काय तिची लेक आहे? म्हणून एवढा कागद काळा केला. पुढच्या शुक्रवारी, पंधरा तारखेला, दापोलीला जाऊन या कागदामागे लिहिलेल्या मलबाऱ्याच्या नंबरवर फोन लाव. तुमच्या तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजाच्या सुमाराला, मी तिला इथल्या जुम्म्याच्या नमाजानंतर दुकानात आणून बसवीन. शनिवारी आमचं विमान आहे. फोनवर रडू नकोस, माफी मागू नकोस, त्या आशीर्वादाचं नावही काढू नकोस, नाहीतर ती म्हणेल, अगं त्यात काय, आणि फोन ठेवून देईल. निघताना सगळ्यांनी तिच्याकडे झमझम मागितलं, खजूर मागितले, दुआ मागितल्या. तू फक्त तिला विचार, अम्मी, कधी येतेस? हे तिला कुणीच विचारलेलं नाही.

तुझीच,
खैरुन्निसा खाला