अंगणातल्या डाळिंबाचा ताण

॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥
ताडकळस, ता. २४ मार्च २०२५

चि. सौ. निकितास सासूबाईचे अनेक आशीर्वाद.

शेणखताची दोन पोती आली, शंभर रुपये. निंबोळी पेंड पाच किलो, एकशे साठ. छाटायची कात्री, एकशे ऐंशी. अंगणातल्या एका डाळिंबावर मी एवढा खर्च केला, हे वाचून आधी हसून घे. इकडं सर्व ठीक. राम कामावर जातो, जेवतो, माझ्याशी बोलत नाही. फोनवर माझं तोंड सरळ चालत नाही, म्हणून पत्र.

यंदा मार्गशीर्षात मी झाडाला ताण दिला. तुझ्या बाबांनी तुला शिकवला तसाच, पस्तीस दिवस पाण्याचा थेंब नाही. पानं पिवळी होऊन गळाली. शेजारच्या तानुबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय वो कमलबाई, झाडाला बी एकादशी धरायला लावली का?"

म्हटलं, "व्हय की. पारणं संक्रांतीला हाय."

संक्रांतीला छाटलं, खत घातलं, पोटभर पाणी दिलं. माघात लय फुलं आली.

आता ऐक. गेल्या वर्षी तू हेच केलंस, तेव्हा नुसती पालवी आली, फूल एक नाही. चार बायकांत मी म्हणाले, "जिच्या हातानं दारचं झाड फुलत नाही, तिच्या हातचं पाणी माझ्या देवाला नको." दुसऱ्या दिवशी तू माहेरची, वालूरची गाडी धरलीस.

तुझी पद्धत खोटी नव्हती. ताण मी मोडला. रोज पहाटे तुळशीला घालून उरलेली अर्धी कळशी मी डाळिंबाच्या बुडाशी ओतत होते. दारातला जीव उपाशी बघवत नव्हता, आणि पूजेचं पाणी वाया का घालवावं, असंही होतं. तुला बोलले तेव्हा हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बोलले.

परवा त्याच चौघींना अंगणात बोलावून सगळं सांगितलं. तानुबाई म्हणाल्या, "बरं केलं. पण आमाला सांगून काय उपेग? जिला सांगायचं ती वालूरला हाय."

फळं लिंबाएवढी झालीत, एकेका डहाळीला तीन-तीन. एक ठेवून बाकीची काढायची, हे मला कळतं. कोणतं ठेवायचं, ते तू सांग.

पाडव्यानंतरच्या शनिवारी मी येते. रामला पाठवत नाही. सुनेला आणायला सासू जात नसते म्हणतात, म्हणू देत. चूक माझी, तर बसचं तिकीटही माझंच. तुला यायचं नसेल तर जबरदस्ती नाही. तुझ्या बाबांसमोर, व्यंकटरावांसमोर, तुझी माफी मागेन आणि एकटी परत फिरेन. मला दारात उभं करशील का, एवढं उलट टपाली कळव.

चुकलेली,
कमलबाई