पगारी पेशंट

तीर्थरूप दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे तू ठेवलेल्या नावाने भोंग्याचा, वाकून नमस्कार. (वाकून म्हटलंय खरं, पण कंबर अलीकडे अर्ध्यातच थांबते. उरलेला नमस्कार मनाने पुरा करते, गोड मानून घे.) इकडे आम्ही ठीक. आमच्या ह्यांना आणखी कमी ऐकू येतं, त्यामुळे घरात शांतता आहे. मी एकटीने कितीही भांडले तरी भांडण होत नाही. तुझा गुडघा कसा आहे? झोप लागते का? जेवतोस का नीट? स्वयंपाकघरातला नळ गळत होता तो दुरुस्त झाला का? हे सगळं मी फोनवर विचारते आणि तू प्रत्येकाला एकच उत्तर देतोस, चाललंय. गुडघ्याचं चाललंय, झोपेचं चाललंय, नळाचंही चाललंय. वहिनी गेल्यापासून तुझ्या तोंडात हा एवढा एकच शब्द उरलाय. पूर्वी तुझा फोन आला की मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरायची, तरी शेजारणीला कळायचं की तू स्वतः बनवलेल्या नव्या स्टुलाचा चौथा पाय पुन्हा आखूड झाला. तो आवाज मला हवाय, दादा. कान नुसते आसुसलेत. फोनवर तू मला दोन वाक्यांत कटवतोस, म्हणून पत्र लिहायला बसले. बघू, पत्राला कसा कटवतोस ते.

निवृत्तीनंतर मी एक काम धरलंय हे तुला सांगितलं होतं, पण कसलं ते सांगायची हिंमत झाली नव्हती. आता ऐक. मी इस्पितळाच्या शिक्षण विभागात पगारी पेशंट आहे. मला काही झालेलं नाही. झाल्याचं दाखवायचं, एवढंच. शिकाऊ डॉक्टर आणि नर्स येतात, आमच्यावर हात साफ करून घेतात, चुकतात, आणि आमच्यावर चुकल्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. बाकीच्यांना बरी दुखणी मिळाली. एक निवृत्त ड्रिलमास्तर आहेत, त्यांना हृदयविकार मिळालाय. छाती धरून असे काही कळवळतात की एकदा खऱ्या वॉर्डातला खरा डॉक्टर धावत आला होता. मला वाटलं, आपल्या वाट्याला निदान पित्त तरी येईल. पण मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी मला एकदा नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, तुम्ही माझ्याकडे या. (चेहऱ्यात काय दिसलं देव जाणे. घरी येऊन आरशात शोधलं, नाकाशिवाय काही सापडलं नाही.)

तर मी तिथे कोण आहे? नवरा वारल्यावर एकटी पडलेली आणि जगण्याचा कंटाळा आलेली शिवणकाम करणारी बाई. आमच्या ह्यांना मी मोकळेपणाने सांगितलं की मी रोज सकाळी तुम्हाला मारून कामावर जाते. ते म्हणाले, छत्री घेऊन जा. संसार म्हणतात तो हाच.

डॉक्टरबाईंचं संशोधन थोडक्यात सांगते. (थोडक्यात म्हटल्यावर तू हसलास ना? हसला असशील तर मला बरं वाटेल.) अर्ध्या शिकाऊंना नुसतं व्याख्यान द्यायचं, अर्ध्यांना व्याख्यान आणि वर आमच्यासारख्यांवर सराव. मग एकेकाला माझ्यासमोर बसवायचं आणि काचेच्या पलीकडून बघायचं, की ह्यातला कोण मला तो एक प्रश्न विचारतो. प्रश्न साधा आहे. तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? डॉक्टरबाई म्हणतात, विचारल्याने असा विचार कुणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही. असलाच तर तो बोलून दाखवायला माणसाला जागा मिळते. फक्त सरळ विचारायचं, आणि विचारल्यावर गप्प बसायचं. आता गंमत बघ. कागदावर सगळ्यांना पैकीच्या पैकी. आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले की तत-पप.

एका पोराने मला झोपेबद्दल विचारलं, भुकेबद्दल विचारलं, लहानपणी गोवर आला होता का तेही विचारलं, आणि शेवटी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून देऊन सुटकेचा श्वास टाकला. मी ती चिठ्ठी आणि मरणाची इच्छा, दोन्ही तशीच घरी घेऊन आले. दुसरा माझ्याशी बोलतच नव्हता, तो टेबलाशी बोलत होता. तिसरीने विचारलं, पण कसं? तुमच्या मनात तसलं काही वेडंवाकडं नाही ना येत, आणि स्वतःच मान हलवून नाही म्हणून मोकळी झाली. मी काय बापडी तिचा हिरमोड करणार! डॉक्टरबाई नंतर तिला म्हणाल्या, अगं, तू प्रश्न नाही विचारलास, तू त्यांना विनवणी केलीस.

शिवाय मला मध्येच एक खूण टाकायची असते. बोलता बोलता सहज म्हणायचं, माझं शिलाईचं मशीन मी भाचीला देऊन टाकलं, आता मला कशाला हवंय. हे ऐकून समोरच्याचे कान टवकारले पाहिजेत. जिवापाड जपलेली वस्तू माणूस अशी कारणाशिवाय देऊन टाकत नाही. पण पोरं म्हणतात, वा, छान केलंत! एकाने तर मशीन कुठल्या कंपनीचं ते विचारलं. मी घरी येऊन ह्यांच्यापुढे त्या सगळ्यांच्या नकला करायची. म्हणायची, एवढी शिकलेली पोरं आणि एवढं ढळढळीत दिसत नाही म्हणजे कमालच झाली.

आणि मग तुझं पार्सल आलं.

रंधा, तिन्ही पटाश्या, बारीक दातांची करवत. एकेकाला तेल लावून, कापडात गुंडाळून. वर चिठ्ठी, तुमच्याकडे उपयोगी पडतील, मला आता कशाला. दादा, आमच्या घरात खिळा ठोकायचा झाला तर दोन माणसं आणि एक मलमाची ट्यूब लागते, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या रंध्याला वहिनीने हात लावला म्हणून तू एकदा दिवसभर फुगून बसला होतास. आणि मी काय केलं? तुला फोन करून म्हणाले, अय्या, किती छान! ती पोरं बरी म्हणायची. त्यांना निदान पगार मिळत नव्हता.

तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला गेल्या आठवड्यात, आणि तोही पार भलत्या वेळी. त्या दिवशी एक चष्मेवाली आली होती, नर्सिंगची, एवढीशी, वेणी घातलेली. मी मनात म्हटलं, ही मला प्यायला पाणी देणार आणि जाणार. मी माझं मशीनचं वाक्य टाकलं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाली, मशीन तुमचं लाडकं होतं, मग का दिलंत? मग तिने माझ्याकडे बघून, काही आडपडदा न ठेवता, तो प्रश्न विचारला आणि गप्प बसली. मी हो म्हणायचं असतं. मी म्हणाले, त्याने रंधासुद्धा पाठवून दिला हो. आणि मला जे रडू फुटलं ते कुठल्या कागदात लिहिलेलं नव्हतं. नाक, डोळे, पदर, सगळ्याचा चिखल. ती म्हणाली, कुणी पाठवला? मी म्हणाले, माझ्या भावाने. तिने काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, तुम्ही त्यांना विचारलंत का? मी म्हणाले, विचारलं ना. गुडघा कसा आहे ते विचारलं, नळाचंही विचारलं.

काचेच्या मागून डॉक्टरबाई आल्या. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, हा प्रसंग संशोधनात धरता येणार नाही. (ती मुलगी पास की नापास, ह्यावर शिक्षण विभागात अजून वाद चालू आहे. खोटा पेशंट खरा झाला तर गुण द्यायचे कसे, हे कुठल्याच पुस्तकात नाही म्हणे.) मग जवळ बसून म्हणाल्या, भावाला विचारा. काय उत्तर येईल ते येऊ दे, आपण बघू. त्यांना इकडे घेऊन या, मी आहे.

दादा, त्या संध्याकाळी मी तुला फोन केला तो ह्याचसाठी. आठवतंय, मी पाऊण तास टोमॅटोच्या भावावर बोलले? व्हिटॅमिनवाल्या पोराची मी कशी नक्कल केली होती, आणि त्या दिवशी मी तुला काय म्हणाले, तर सकाळी उन्हात बसत जा. फोन ठेवला आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. मला तुझी फार आठवण येते रे. वहिनीची तर येतेच, पण ती गेली म्हणून येते. तू आहेस, आणि तरी तुझी अशी आठवण येते, हे मला सहन होत नाही. तुझ्या आवाजात तू नसतोस. मला माझा ओरडणारा, वाद घालणारा, टेबलाचा पाय आखूड करून दोष लाकडाला देणारा भाऊ परत हवाय. आणि तसा नाही मिळाला तर आहे तसा हवाय, गप्प, न हसणारा, न दाढी केलेला. पण हवाय.

बाकी सर्व क्षेम. आमच्या ह्यांचा तुला नमस्कार. (त्यांना विचारलं, नमस्कार लिहू का? ते म्हणाले, दुपारनंतर.) गुडघ्याला जप.

तुझीच,
भोंगा

ता. क. पत्र परत वाचलं. एवढं लांबलचक लिहून मी तुला अजून काही विचारलेलंच नाही. टेबलाशी बोलणारा तो पोरगा आणि मी एकाच माळेतले. तर आता विचारते. दादा, तुझ्या मनात जीव संपवायचे विचार येतात का? येत असतील तर मला सांग. मी रागावणार नाही, उपदेश करणार नाही, देवाधर्माचं काढणार नाही, वहिनीला काय वाटेल असलं काही बोलणार नाही. तू सांगशील ते सगळं ऐकेन. मग आपण दोघं मिळून डॉक्टरबाईंकडे जाऊ.

ता. क. पाकीट चिकटवून टपालपेटीपर्यंत गेले, परत आले आणि पाकीट पुन्हा उघडलं. हे पत्र पोचणार कधी, तू उघडणार कधी, उत्तर टाकणार कधी! एवढं थांबायला माझ्याकडे काळीज नाही. ह्यांना शेजारणीच्या हवाली करून बसमध्ये बसलेय. अक्षर नाचतंय ते रस्त्यामुळे, बाकी काही समजू नकोस.

ता. क. हे तुझ्या बाहेरच्या पायरीवर बसून लिहितेय. आत तुझ्या खोकण्याचा आवाज आला तेव्हा कुठे माझा जीव जरा खाली बसला. आता बेल वाजवणार. मी स्वतःला ओळखते. दार उघडलंस की मी पहिल्यांदा नळाचंच विचारणार. म्हणून तोंड न उघडता हे पाकीट तुझ्या हातात देणार आणि समोरच्या खुर्चीत बसणार. तेव्हा हे वाचताना मी तुझ्यासमोरच आहे. चष्मा पुसायची घाई नाही, उत्तराचीही नाही. मी आज गप्प बसायला आलेय. वाचून झालं असेल तर मान वर कर.