लाकडी विमानाचं दार

मु. हाय विकम,
सप्टेंबर १९५४

प्रिय आयव्हर,

अवेळी पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील. घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. इतकी की कालच तिने कोळसेवाल्याशी भांडून त्याला पोत्यासकट परत पाठवलं. तुझी डॅफोडिलची पेटी फेब्रुवारीत पोचली होती, दरवर्षीसारखी, चिठ्ठीशिवाय. मीही दरवर्षीसारखं ‘फुलं मिळाली’ एवढंच कार्ड टाकलं. पेन्झन्सहून कोण फुलं पाठवतं, हे आईने आजवर एकदाही विचारलेलं नाही. पण पेटी आली की क्लिफच्या फोटोपुढची फुलदाणी ती स्वतः घासते. तेव्हा तिला काही ठाऊक नाही असं समजू नकोस.

गावात सगळं तसंच. मे महिन्यात रिवाजाप्रमाणे नगराध्यक्षांना तराजूत बसवून गेल्या वर्षीच्या वजनाशी ताडून बघितलं. या वर्षी स्वारी चांगलीच सुटली आहे, त्यामुळे दवंडीवाल्याने बेंबीच्या देठापासून ‘आणि वर थोडं!’ म्हणून आरोळी दिली आणि चौकातल्या लोकांनी हुर्यो उडवली. लोकांच्या पैशावर अंग धरलं की आमच्याकडे असं होतं. मांसावरचं रेशन तर जुलैत उठलं, पुढच्या वर्षी तराजूच मोडेल, असं आई म्हणाली. मला युद्धातली तुझी पहिली रजा आठवली. माझा भाऊ क्लिफ तुला दारातून आत ढकलत म्हणाला होता, “आई, हा आयव्हर. मी विमान चालवतो आणि आपण भलत्याच गावावर आलोय हे हा मला सांगतो.” आईने तुम्हा दोघांना मागच्या शेडमध्ये नेऊन बाबांच्या लाकूड तोलायच्या काट्यावर उभं केलं होतं आणि तव्यावर पळी बडवत क्लिफसाठी ओरडली होती, ‘आणि वर थोडं!’ तुझ्याकडे बघून मात्र म्हणाली, “या पोराला विमान कशाला हवं? हा वाऱ्यानेच उडेल.” रजा संपताना तिने तुला पुन्हा काट्यावर चढवलं. काटा तसूभरही हलला नव्हता, तरी तुझ्याही नावाने तशीच ओरडली. कुणाला आपलं म्हणायची तिची तीच पद्धत.

तेव्हा ती किती मिजाशीत असायची, आठवतं? जन्मभर खुर्च्यांना वेत विणलेली बाई, आणि आता विमान घडवते. अख्खं गावच घडवत होतं म्हणा. खुर्च्यांचे कारखाने तेच, माणसं तीच. साच्यावर बर्चच्या पातळ फळ्या वाकवायच्या, मध्ये हलकं बाल्सा लाकूड, पुन्हा बर्च, सगळं सरसाने चिकटवायचं. मटाराची शेंग उकलावी तसे विमानाचे दोन उभे भाग वेगवेगळे बनायचे आणि आतल्या तारा-नळ्या बसवून झाल्या की एकमेकांना जोडायचे. क्लिफ तिला चिडवायचा, “आई, तिथे शिंकू नकोस हं, माझ्या विमानाला भोक राहील.” विमानाचं नावच मॉस्किटो, म्हणजे डास, तेव्हा जेवताना तो डासांच्या जाती सांगायचा. एक डास नुसते बॉम्ब नेतो, अंगावर एकही बंदूक नाही, सगळी भिस्त पळण्यावर. एक इतक्या उंचावरून फोटो काढतो की खालच्याला पत्ता लागत नाही. एक नाकात रडार घालून रात्री शिकारीला निघतो. “आणि आमचा चावतो. चार तोफा, चार मशीनगन, वर बॉम्बही.” आई वाटाणे वाढत म्हणायची, “जाती कसल्या? सगळे एकाच सरसाचे.” आम्ही हसायचो. त्या वाक्याची किंमत आपल्याला पुढे केवढी पडणार आहे, ते तेव्हा कुणाला ठाऊक?

पंचेचाळीसच्या जूनमध्ये तू कैदेतून सुटून आलास तो दिवस मी आजवर कागदावर उतरवला नाही. कोट तुझ्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. आईने विचारलं आणि तू चार वाक्यांत सांगितलंस. हॉलंडवर इंजिन पेटलं. क्लिफने विमान वर खेचलं, तुला म्हणाला, “जा, मी आलोच मागून.” तू उडी मारलीस. तो आला नाही. आई बराच वेळ टेबलक्लॉथ सरळ करत राहिली आणि मग बोलली ते असं: “त्या विमानाच्या पोटातली बाहेर पडायची झडप मी या हातांनी घासलीय. पायांशीच असते ती. जो आधी वाकला तो आधी सुटला. माझ्या पोराला तुझ्या आधी वाकता आलं नसतं?” तू भरलेला कप खिडकीत ठेवलास आणि टोपी उचललीस. मी स्टेशनपर्यंत तुझ्याबरोबर आले. “तिचं खरं आहे, विनी. मी आधी निघालो,” एवढंच तू म्हणालास. आदल्या वसंतात सिनेमाच्या रांगेत आपण दोघांनी जे ठरवलं होतं, त्याचा विषय तूही काढला नाहीस आणि मीही नाही. गाडी आली, तू चढलास.

मी इथेच आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून देते आणि संध्याकाळी घरी येऊन आईशी वाद घालते. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघींनी कधी वाद घातला नाही. ती तिच्या जागी पक्की होती, कारण विमान तिने घडवलं होतं. मला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुझ्यावर राग धरायला मला जमलं नाही आणि तिच्यापुढे तुझी बाजू घ्यायला हातात काही नव्हतं.

आता गेल्या शनिवारचं सांगते. सप्टेंबरात हवाई तळ लोकांना खुले करतात ना, तिथे कारखान्यातल्या जुन्या बायकांची सहल निघाली. आई नको नको म्हणत सर्वांत आधी बसमध्ये जाऊन बसली. नवी जेट विमानं कानठळ्या बसवत होती, त्यांच्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. हँगरमागे गवतात एक मॉस्किटो उभा होता, रंग उडालेला. आईने हात लावून सांधा चाचपला, नखाने खरवडला. “धरलाय अजून,” म्हणाली आणि खूश झाली. मग मला झडप दाखवायला म्हणून, गुडघे दुखत असताना, विमानाच्या पोटाखाली वाकली. आणि वाकूनच राहिली.

“ही झडप कुणी रे बुजवली?” तिने जवळच्या सार्जंटला दरडावून विचारलं. तो भला माणूस, हसला. “बुजवली नाही, आजी. हा तोफवाला. तुमची झडप असते तिथे याच्या तोफांची बुडं आहेत. बॉम्बवाल्याला खालून चढतात, याला बाजूने. दार तिकडे, उजवीकडे.” आई म्हणाली, “कारखान्याच्या आमच्या शेडमध्ये बॉम्बवालेच व्हायचे.” क्लिफचा डास हाच, चावणारा. मग उजवीकडच्या दाराशी जाऊन म्हणाली, “मला आत बसायचंय.” तो म्हणाला, “पुढच्या महिन्यात जाळणारच आहेत याला, बसा खुशाल.” शिडी अरुंद, आई रुंद. मी मागून ढकललं, सार्जंटने वरून ओढलं आणि हॅट एकदाची चेपून आत गेली. ती सरकत सरकत डावीकडे जाऊन बसली, क्लिफच्या जागी. मला म्हणाली, “तू तिथे बस,” आणि मी तुझ्या जागी बसले.

आयव्हर, ती जागा केवढीशी आहे रे. माझा खांदा तिच्या खांद्यामागे दाबला गेला होता. दार माझ्या उजव्या गुडघ्याशी. आई उठायला गेली, तिची पर्स विमान वळवायच्या दांड्यात अडकली, गुडघा माझ्या मांडीवर आला. “सरक ना गं.” “कुठे सरकू?” “मग मी जाऊ कुठून?” सार्जंटने बाहेरून डोकं आत घातलं. “उजवीकडचा उतरल्याशिवाय डावीकडच्याला वाटच नाही, आजी. डावीकडच्याने तोवर विमान सरळ धरायचं. वर एक झडप आहे, पण हवेत तिथून निघालं तर शेपटीवर आपटायचं भय.” तो हे सहज बोलून गेला, त्याचा काय दोष. आईने माझ्याकडे बघितलं. मग समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, “जा विनी, ऊठ. मी आलेच मागून.”

मी उतरले. ती आली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. सार्जंटने घाई केली नाही, टोपी काढली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. मी गवतात उभी राहून मोठ्याने रडले, लाज न बाळगता. आई खाली आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. पण बसमध्ये तिने सँडविचचा डबा उघडला नाही. गाव जवळ आल्यावर म्हणाली, “तो पोरगा उठला नसता तर माझ्या क्लिफला त्याला घेऊनच मरावं लागलं असतं. दोघं गेले असते. क्लिफने एकाला तरी घरी पाठवलं होतं आणि मी त्याला दारातून परत लावलं.”

दार कुठे होतं हे तू त्याच दिवशी सांगू शकला असतास. एका वाक्याचं काम. पण मेलेल्या मित्राच्या आईपुढे तू स्वतःची वकिली करणारा नाहीस, हे मला कळायला हवं होतं. आणि आता वाटतं, तिने म्हटलेलं तुला हवंच होतं. जिवंत राहिल्याबद्दल कुणीतरी बोल लावावा म्हणून तू आला होतास. तसं असेल तर ऐक, तो बोल आता तिने परत घेतला आहे.

आईची बोटं संधिवाताने वाकली आहेत, पेन धरवत नाही. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे, पण लिहायला तिने बसवलं आहे. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देते: “त्याला सांग, दार त्याच्या बाजूला होतं. त्याने आधीच जायचं होतं. आता म्हणावं, घरी ये.” रविवारी ती मेंढ्याची अख्खी तंगडी भाजणार आहे. सकाळपासून शेडमध्ये खाटखुट चालली होती म्हणून जाऊन बघितलं, तर बाबांच्या काट्याचा गंज घासत बसली होती. तू कितीही वाळलेला असलास तरी ती काय ओरडणार आहे ते तुला ठाऊक आहे. माझा निरोप लहान आहे. सिनेमाच्या रांगेत जे ठरलं होतं, ते मी मोडलेलं नाही. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर उभी असेन.

तेव्हाही आणि आताही तुझीच,
विनी