वर पोचलेलं सगळं परत खाली

सोमवार, ३ मार्च

१. सकाळी कॉलम सुरू केला. पाण्यातून मिथेनॉल वेगळं काढायचा. चार मजली उंच. आराखडा माझा.
२. माथ्यावरची सगळी वाफ थंड करून पुन्हा खाली सोडली. बाहेर थेंब नाही. सुरुवात अशीच करतात.
३. माथ्यावरचा नमुना – ९९.८ टक्के!
४. दुपारी फीड, म्हणजे मिथेनॉल-पाण्याचं मिश्रण, आत सोडलं, आम्ही वरून माल काढू लागलो. नमुना ९६.
५. फीड बंद, माल बंद, पुन्हा सगळं परत खाली. पुन्हा ९९.८.
६. मीटर सांभाळतो म्हणून ज्याला सगळे पारा म्हणतात, त्याला दूरच्या कारखान्यात जागा मिळतेय. पुढच्या सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. मी म्हटलं, चांगलं आहे.

मंगळवार, ४ मार्च

मोठे साहेब बघून गेले. म्हणाले, "शुद्ध आहे म्हणता, मग माल कुठाय? कॉलम शोभेला ठेवायचाय का?"

खाली परत सोडायचं प्रमाण वाढवलं. ९६.४. आणखी वाढवलं, तर बॉयलरवाला कुरकुरला. कॉलम ढिम्म.

जेवताना पाऱ्याने विचारलं, मी गेलो तर तुला काही वाटेल का? मी म्हटलं, निर्णय तुझा, तूच घे. त्याने डबा बंद केला.

"तुझं म्हणजे काल सकाळच्या कॉलमसारखं आहे. वर पोचलेलं सगळं परत खाली. बाहेर थेंब नाही."

विनोद वाईट. तांत्रिकदृष्ट्या अचूक. संध्याकाळपर्यंत राग गेला नाही.

बुधवार, ५ मार्च

सापडलं!

आलेखाच्या कागदावर पुन्हा पायऱ्या काढत बसले – एक पायरी म्हणजे कॉलममधला एक ट्रे. पायऱ्या बरोबर येत होत्या, म्हणूनच धरलेल्या आकड्यांचा संशय आला. मग फीडचाच नमुना तपासायला दिला. मी धरलं होतं ४० टक्के मिथेनॉल. निघालं २२! फीड जिथून येतं त्या मागच्या विभागात हल्ली माल दोनदा धुतात, पाणी वाढलंय. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढं पातळ फीड खूप खाली सोडायला हवं. आम्ही ते वर, जवळजवळ स्वच्छ झालेल्या मालात ओतत होतो. आणि सगळं परत खाली सोडताना फीड बंदच असतं. मग चूक दिसणार कशी?

खालच्या फीडचा व्हॉल्व्ह हटून बसला होता. पाऱ्याने पान्याला पाइप अडकवून लोंबकळून तो उघडला. मग मीटरपाशी जाऊन आकडे ओरडून सांगू लागला – वरचे ट्रे एकामागून एक थंड होत पासष्ट अंशांकडे, म्हणजे शुद्ध मिथेनॉल उकळतं तिथे, येत होते. मी माल काढायचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडत गेले. धार लागली. नमुना – ९९.६!

साहेबांनी विचारलं, खूश ना? मी म्हटलं, ठीक आहे. मग भांडारात जाऊन दोन उड्या मारल्या. मागून पाऱ्याचा आवाज –

"दार लावून घेत जा. बाकी उडी चांगली होती."

मला हसू आवरेना. त्यालाही. भांडारवाला आला तरी आमचं चालूच.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी चहाच्या आधी पाऱ्याला पाठवलं, ते जसंच्या तसं –

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं. काम हे त्याचं कारण नाही. मंगळवारी हेच सांगायचं होतं. तुला तरीही जायचं असेल, तर तेही स्पष्ट सांग. उत्तर शनिवारपर्यंत दे."