माहीत नाही म्हणून विचारते

पोशेरा, ता. मोखाडा
गुरुवार, ३१ जुलै २०२५

चि. हेमंत यास,

अनेक आशीर्वाद. तू, सुनीता आणि पोरं ठीक असाल. जामसरला आईचं बरं आहे. गुडघा कुरकुरतोय, पण ती त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम. भाताची आवणी गेल्या आठवड्यात संपली. खालच्या खाचरात रोपं कमी पडली, ती शेजारच्या कोंडीमावशीकडून आणली.

पत्र कशाला, फोन नव्हता का, असं म्हणशील. फोनवर तू 'हं, ठीक, ठेवतो' एवढंच बोलतोस आणि मग मी एकटीच अर्धा तास बडबडते. तक्रार नाही करत. पण आज मला मधे कुणी 'ठेवतो' म्हणायला नको होतं. बघ, अक्षरसुद्धा तुला वाचता यावं म्हणून मोठं काढत होते. दोन ओळी झाल्यावर लक्षात आलं आणि माझाच मला राग आला. भिवंडीत बसून मोटरी रिवाइंड करणारा माणूस, वायरीवरचे बारीक आकडे रोज वाचतोस तू. पुढचं नेहमीच्या अक्षरात लिहिते.

माझ्या चौथीच्या वर्गात राही नावाची मुलगी आहे. आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या धोंडीबाईंची नात. जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही. 'सात पंचे किती?' विचारलं की माझ्याकडे बघत राहते. घाबरून नाही, रागानंही नाही. मीच काहीतरी विचित्र बोलले आणि आता मी शुद्धीवर येण्याची ती वाट बघतेय, असं बघते. मला तर डोकं आपटावंसं वाटायचं.

ज्या मुलांना शिकायला वेगळी मदत लागते त्यांची यादी शनिवारी केंद्रशाळेत द्यायची आहे. यादी चांगली आहे, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी. पण चुकीचं मूल तिच्यात गेलं की मग त्याला कुणी काही विचारतच नाही. उत्तर येणार नाही हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. मी राहीचं नाव पेन्सिलीनं लिहिलं होतं. शेजारी 'शिक्षकाचा अभिप्राय' असा रकाना आहे. त्यात काय लिहिलं ते नंतर सांगते.

गेल्या शुक्रवारी मोखाड्याला आमचं प्रशिक्षण झालं, मुलांचा मेंदू आणि स्वभाव यांचा शिकण्याशी काय संबंध, यावर. शिकवायला कोण असेल? आपल्या जामसरच्या इदरीसभाई कापडवाल्यांचा नवेद. शाळेत तुझ्याच वर्गातला. आता चष्मा लागलाय, पोट सुटलंय. पडद्यावर मेंदूचं चित्र दाखवून म्हणाला, मूल धास्तावलेलं असलं की येत असलेलंही त्याला आठवत नाही. काही मुलं पटकन मिसळतात, काही आधी लांबून बघून घेतात. बुजरं मूल आणि न समजणारं मूल बाहेरून अगदी सारखं दिसतं, असंही म्हणाला. मी गप्प बसणार थोडीच. म्हटलं, "सर, शाळेतल्या अडतीस पोरांत कुणाचा मेंदू उघडून बघू?" सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, "उघडायची गरज नाही ताई. फक्त आपण प्रश्न कसा विचारतो ते बघा."

जेवायच्या सुट्टीत त्यानं तुझी चौकशी केली. हेमंतनं शाळा का सोडली, म्हणाला. मी नेहमीचंच उत्तर दिलं, की त्यालाच नको होती शाळा. नवेदनं हातातला घास खाली ठेवला. म्हणाला, "असं कसं? माझ्या सायकलचं फ्रीव्हील त्यानं खोलून, परत जोडून दिलं होतं. सातवीत. गुरुजींनासुद्धा ते जमलं नव्हतं."

सोमवारी धोंडीबाई लेकीच्या सोयरिकीसाठी गेल्या आणि खिचडी माझ्या गळ्यात पडली. आमचे दुसरे गुरुजी रजेवर. घरी तिघांचा स्वयंपाक करणारी मी, अडतीस पोरांना किती तांदूळ लागतात मला काय ठाऊक. पातेल्यापुढे उभी होते. राही पाणी भरून आली. मी तिला शिकवायला म्हणून नाही, अगदी हात टेकून विचारलं, "राही, किती घालू गं?"

"चार मापां," ती म्हणाली. "वर येक मूठ."

"अडतीस जणांना पुरेल?"

"येक माप आठांना पुरतं. पहिली-दुसरीची अकरा पोरां अर्धाच खातात."

मी चुलीशेजारी बसून बोटांवर हिशेब केला. मोठी सत्तावीस, लहानांचे साडेपाच, मिळून साडेबत्तीस. आठ चोक बत्तीस, वर अर्धं. त्याची मूठ. मला दोन मिनिटं लागली, हेमंत. तिनं ते घागर खाली ठेवता ठेवता केलं होतं.

मग मी विचारलं, "वर्गात का गं बोलत नाहीस?" तिनं पायानं जमीन उकरली. मग म्हणाली, "तुमाला तं ठावं हाय, बाई. मंग इचारता कशाला?"

मग तिनंच सांगितलं, तिच्या घरात माहीत असलेलं कुणी विचारत नाही. बैल कुठे आहे, पाणी आलं का, असं विचारतात, कारण ते हवं असतं. आजी म्हणते, ठाऊक असून विचारणारा माणूस खोड काढत असतो, त्याच्या तोंडी लागू नये. जूनपासून मला वाटत होतं त्यापेक्षा ती खूपच जास्त सभ्यपणे वागत होती. एकोणीस वर्षं शिकवतेय मी, आणि आपल्याच मातीतली असून हे मला सुचलं नाही.

तिचं वाचन अजून अडखळतं. एका खिचडीनं सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण आता मी तिला पाढे विचारत नाही. 'तुझ्या पाड्यावरून किती जण येतात, रांगा कशा करू' असं विचारते आणि ती सांगते.

आता तो रकाना. पेन्सिलीनं मी लिहिलं होतं, 'डोक्यात काही शिरत नाही.' सोमवारी घरी जाऊन ते खोडायला घेतलं आणि हात थांबला. हे वाक्य माझ्या तोंडून आधी एकदा निघालंय.

तू सातवी झालास ते वर्ष. मी डीएडला होते, सुट्टीत घरी आले होते आणि तुझा अभ्यास घेत होते. हातात मारायला फोक घेऊन. घरातसुद्धा मला 'बाई' म्हण, असं सांगितलं होतं तुला, आठवतं? मी पाढा विचारायचे आणि तू गप्प व्हायचास. मला लाज वाटायची, मी शिक्षिका होणार आणि सख्खा भाऊ असा. एका दुपारी बाबांनी मला विचारलं, "तू त्याला शिकवतेस, तूच सांग. ह्याला पुढे जव्हारला घालू का?" मी म्हटलं, "त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. कामाला लावा." पुढच्या आठवड्यात तू मामांबरोबर भिवंडीला गेलास. तेरा वर्षांचा होतास.

त्यालाच शाळा नको होती, हे मी बाबा गेल्यावर सगळ्यांना सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. ते खोटं आहे. तुला मी काढलं शाळेतून. तुझ्या डोक्यात काय आहे हे न बघता.

राहीचं नाव मी यादीतून खोडलंय. रकान्यात आता काही नाही. शनिवारी विचारलं तर सांगेन, चूक माझी होती. ते सोपं आहे, ती अजून नऊ वर्षांची आहे. तुझं मी काय खोडू?

मी बाबांशी बोलत होते तेव्हा तू पडवीत बसून सायकलची चेन चढवत होतास. मधे एकदा चेनचा आवाज थांबला होता. बावीस वर्षं मी स्वतःला सांगतेय की काम झालं म्हणून थांबला असेल.

तू ऐकलं होतंस का?

हे मला खरंच माहीत नाही, हेमंत. म्हणून विचारतेय. उत्तर काहीही असलं तरी चूक म्हणणार नाही.

तुझी,
ताई