बरण्यांवरचं फॉइल

सीफस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे. इथं किनाऱ्यावर मी बरी आहे. नात ओडेसाही बरी आहे, पण माझ्याशी कमी बोलते.

तिनं आपल्या नदीचं कोऱ्या चहासारखं तांबूस पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून सहा बरण्या उन्हात मांडल्या होत्या. त्यांतल्या तीन बरण्यांना फॉइल गुंडाळलं होतं. ती बाहेरगावी गेल्यावर मला मासे भाजायला फॉइल लागलं, ते मी काढलं. आठवड्यानं ती परतली, तर सहाही बरण्या सारख्याच फिक्या.

"आजी, ऊन पाण्यातल्या पाल्याचा रंग किती खातं, तेच कॉलेजात दाखवायचं होतं गं," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू नदीच्या वळणावरचं बादलीभर पाणी बसनं पाठव. धक्का निसरडा असेल, एकटा उतरू नकोस. गुडघा कसा आहे?

फॉइल मी नवं आणलंय. मीच गुंडाळीन.

तुझी ताई,
हेस्टर