दात काढण्यापूर्वी दारूविषयी विचारणारच

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : रुग्णांना दारू व नशेविषयी विचारणे बंद करणार नसल्याबाबत.

संदर्भ : 'दंतचिकित्सकाने दातापुरतेच बोलावे' हा आपला लेखी आदेश.

महोदय,

अर्जदार ही आपल्याच रुग्णालयातील दंतचिकित्सक. रुग्णाचे गुपित त्याच्या संमतीवाचून सांगता येत नाही, म्हणून वरील आदेशाचे उत्तर देण्यास तिला विलंब झाला. आता संमती मिळाली आहे, तेव्हा घडले ते असे.

१. एक क्रेनचालक सुजलेला जबडा धरून आला. त्याला सगळे पहिलवान म्हणतात. सोबत थोरली बहीण होती. अर्जदाराने रिवाजाप्रमाणे विचारले, "दारू घेता? किती? आणखी काही गोळ्या, नशा?" हे ती प्रत्येकाला विचारते, मग तो हमाल असो की प्राध्यापक. पहिलवानाने तोंड उघडण्याआधीच ताई कडाडल्या, "आमच्या घरात बाटलीला कुणी शिवत नाही! दुखतोय तो त्याचा दात, चारित्र्य नव्हे!"

२. ताई एक्स-रे आणायला गेल्या, तसा तो पुटपुटला, "डॉक्टर, रोज लागते. सकाळी नाही घेतली तर हात थरथरतात, मग क्रेन कशी चालवू? दाढ ठणकते म्हणून शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्याही खातोय. ताईला कळू देऊ नका." त्याच्या क्रेनच्या हुकाखाली माणसे काम करतात, हे अर्जदाराच्या ध्यानात आले. तिने दाढेला हात लावला नाही, रक्त काढून तपासायला पाठवले आणि बजावले, "क्रेनवर चढायचं नाही. चढलात तर मला गप्प बसता येणार नाही." तो ताडकन उठून गेला.

३. 'भावाला दारुडा ठरवून हाकलले', अशी तक्रार ताईंनी केली आणि आपला आदेश निघाला. अर्जदाराने अळीमिळी गुपचिळी धरली. इकडे तपासणीत यकृत बिघडल्याचे निघाले. रक्त लवकर गोठत नव्हते. दाढ त्याच दिवशी उपटली असती, तर पुढचे सांगायला नको.

४. अहवाल कळल्यावर पहिलवान परत आला. "ताईला तुम्हीच सांगा," म्हणाला. अर्जदार म्हणाली, "सांगायचं तुम्हीच. मी शेजारी बसते." ताईंना बोलावून त्याने सांगितले. ताईंनी पदराचे टोक पिळले. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं रे. म्हणूनच तर ओरडले."

५. त्याला दाखल करून घेतले. दारू सुटताना त्याचे फार हाल झाले. प्रकृती सावरल्यावर पूर्ण खबरदारी घेऊन दाढ काढली, तरीही रक्त संध्याकाळपर्यंत झिरपत होते. कापसाचा बोळा ताईंनीच दाबून धरला. सध्या तो जमिनीवरच्या कामावर आहे आणि त्याबद्दल अर्जदारावर चिडून आहे. "तुमचं तोंड बघणार नाही," म्हणाला, पण टाके काढायला वेळेवर आला. पुढे तो टिकेल की नाही, हे अर्जदार छातीठोकपणे सांगू शकत नाही. विचारले नसते तर काय झाले असते, एवढे मात्र सांगू शकते.

सबब, सदर आदेश अर्जदार पाळणार नाही. कारवाई करावयाची असल्यास खुशाल करावी. आदेश कायमच ठेवावयाचा असेल, तर न विचारता काढलेल्या दातामागे होणाऱ्या रक्तस्रावाची जबाबदारी आपण स्वतःच्या सहीने घ्यावी.

जाता जाता : गुरुवारी आपली स्वतःची दाढ काढावयाची आहे. आपणांसही हेच प्रश्न विचारले जातील. दार लावून, हळू आवाजात. पण विचारले जातील. कृपया खरे सांगावे.

आपली नम्र, पण न वाकणारी,
(सही)
दंतचिकित्सक
दिनांक : आज, बाह्यरुग्ण विभाग सुरू होण्यापूर्वी

सोबत : १. रुग्णाचे संमतिपत्र. २. ताईंनी तक्रार मागे घेतल्याचे पत्र.